नोंदवहीत आधी कोण दिसलं? भारतातल्या एचआयव्हीचा एक इतिहास

एचआयव्हीचे नवे रुग्ण कोण, या प्रश्नाचं उत्तर गेल्या चाळीस वर्षांत सतत बदलत आलं आहे. ते समजून घ्यायचं तर आपल्याला आधी दुसराच प्रश्न विचारावा लागतो: त्या त्या वेळी तपासत कोणाला होते?

१९८६ साल, मद्रास. डॉ. सुनीती सॉलोमन यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने रिमांड होममधल्या, वेश्याव्यवसायातल्या बायकांचं रक्त गोळा केलं. नमुने ठेवले कुठे, तर घरच्या फ्रिजमध्ये! मग नवऱ्याबरोबर रात्रीच्या रेल्वेनं वेल्लोरला नेऊन तपासले. त्यांतले सहा पॉझिटिव्ह निघाले. संशोधन मोलाचंच होतं. पण 'हा त्या बायकांचा रोग' हे समीकरणही तिथूनच पक्कं झालं. त्यांच्याकडे येणारी गिऱ्हाइकं कोण, ती रात्री कुठल्या घरी परततात, हे बराच काळ कोणी विचारलं नाही.

पुढे १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा हा तरुण सापडला, तोही त्यानं रक्तदान केलं म्हणून. पोलिसांनी त्याला उचललं आणि क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस एकटं ठेवलं. कायद्यात तशी सोय होती, बरं का! साधारण याच सुमारास मणिपुरात सुईनं हेरॉइन घेणाऱ्या तरुणांमध्ये लागण झपाट्यानं वाढत होती. म्हणजे एकाच देशात दोन-तीन वेगवेगळ्या साथी चालू होत्या.

आपल्याकडे डोळे उघडले ते पुण्यात. १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी केला. वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ बायकांपैकी १३.६ टक्के बायकांना लागण झालेली होती. यांतल्या बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी. 'घरंदाज बाईला काही होत नाही' ही समजूत इथे कोसळली.

मग गरोदर बायकांची तपासणी सुरू झाली आणि नोंदवहीत गृहिणी दिसू लागल्या. बाळाच्या दृष्टीनं हे फारच चांगलं झालं. पण घरात काय झालं बघा. चाचणी आधी सुनेची झाली, म्हणून 'हिनंच रोग आणला' असं सासरचे म्हणू लागले. नवऱ्याची चाचणी नंतर, कधी झालीच नाही. पुढे तो गेला की तिला माहेरी धाडायचं, जमिनीत वाटा नाही. कागदावरचा क्रम हाच घरातला निवाडा ठरला.

आकड्यांचंही तेच. सरकारी दवाखान्यांतल्या नमुन्यांवरून देशात सुमारे ५२ लाख रुग्ण असतील, असा अंदाज होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी रक्त तपासलं गेलं आणि २००७ मध्ये तो आकडा सुमारे २५ लाखांवर आला. रुग्ण बरे झाले नव्हते. बघण्याची जागा बदलली होती.

१ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळू लागली. आता चाचणी करून घेण्यात फायदा आहे, हे लोकांना दिसलं. आज सर्वाधिक प्रमाण मिझोराममध्ये आहे, मुंबई-सांगलीत नव्हे.

तरी एक फरक उरलाच आहे. बाईची चाचणी बाळंतपणाच्या निमित्तानं होऊन जाते. पुरुषाच्या आयुष्यात असा ठरलेला टप्पाच नाही. तो पुष्कळदा येतो तो खोकला हटत नाही म्हणून. आधी क्षयाचं निदान होतं, मग हे.