शिंगटीचं नाव

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी फोनवर एक फोटो आला. आमचा एक शाळूसोबती पंचवीसेक वर्षांपासून अमेरिकेत, टेक्सासात राहतो. तळ्याच्या काठी उभं राहून त्याने हातभर लांबीचा एक मासा जबड्यात अंगठा घालून उचलून धरला होता. हिरवट अंग, बाजूला काळसर पट्टा आणि तोंड एवढं मोठं की त्यात मूठ जावी. फोटोखाली आवाजी निरोप होता : "याला इथे बास म्हणतात. दर उन्हाळ्यात आम्ही चौघे मित्र जातो. फोटो काढतो आणि पाण्यात सोडून देतो." मग थोडं थांबून त्याने विचारलं, "आपण ओझरला पकडायचो ती मिशीवाली, हातात घेतली की कुरकुरणारी, तिचं नाव काय रे?"

मी उत्तर द्यायला गेलो आणि अडलो. मासा डोळ्यांसमोर होता. त्याच्या पंखाचा काटा तळहातात घुसल्यावर हाच मित्र कसा ओरडला होता, तेही आठवत होतं. नाव मात्र येईना. शब्दांवर गुजराण करणाऱ्या माणसाला ही गोष्ट जरा लागली.

संगमनेरच्या लोकांना ओझर सांगावं लागत नाही, पण सगळेच वाचक आमच्या गावचे नाहीत. भंडारदऱ्याला अडवलेलं प्रवरेचं पाणी नदीच्या पात्रातूनच खाली येतं आणि संगमनेरच्या पुढे ओझरच्या बंधाऱ्याशी डाव्या-उजव्या कालव्यांत शिरतं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं, आणि आर्थर हिल या इंजिनिअरचं नाव तळ्याला. ओझरचा कालवा त्याहून जुना. १८८४ च्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही त्याची नोंद आहे. पुढे याच पाण्यावर ऊस उभा राहिला आणि प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला. हा सगळा इतिहास आम्हाला शाळेत होता. आम्हाला त्यातलं एवढंच कळायचं, की बंधाऱ्यामागे पाणी साठतं आणि त्यात मासे असतात.

१९८३ ते १९८८ या वर्षांतले उन्हाळे आम्ही तिथे घालवले. आम्ही चौघे होतो. एक साळ्यांच्या घरातला, तोच आता टेक्सासात आहे. एक पोस्टमनचा मुलगा, एक भोयांच्या आळीतला आणि मी. दोन सायकली, त्यावर चौघे. काठ्या वेळूच्या, दोरी तंगुसाची, बुडवायला सायकलच्या दुकानातला एखादा नट आणि तरंगायला झिजलेल्या स्लीपरच्या रबराचा तुकडा. आमिष म्हणून ओल्या जागेतली गांडुळं, नाहीतर घरून चोरून आणलेली कणीक. माझ्या अम्मीला वाटायचं, पोराला अचानक चपात्यांची गोडी लागली.

भोयांचा पोरगा आमचा उस्ताद होता. त्याच्या बापजाद्यांचा धंदाच तो. जाळं टाकून पोट भरणाऱ्या घरातल्या मुलाला, गळ टाकून तासन्‌तास बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटायला हवा होता. पण त्यालाच त्याची गोडी सगळ्यांत जास्त. कुठल्या दगडाआड वाम असते, मरळीला बेडकी का लावायची, पाणी गढूळ झालं की काय करायचं, हे तो सांगायचा. मे महिन्याच्या शेवटी मरळीची जोडी आपल्या पिल्लांवर पहारा देते. लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर दिसला, की तो आमच्या काठ्या मागे ओढायचा. "आता हिला धरायचं न्हाई. ही गेली की समदी पोरं दुसरे मासे खात्यात." कुठल्या कायद्यात ते लिहिलेलं नव्हतं. ठेकेदाराचा राखणदार यायचा तोही मासे वाचवायला नव्हे, आम्हाला हुसकायला.

१९८५ आणि १९८६ साली रमजान मे महिन्यातच सुरू झाला. मी रोजे धरत होतो. त्या उन्हात पाण्याशेजारी बसून पाण्याचा घोट घ्यायचा नाही, ही परीक्षाच होती. पण खरं सांगायचं तर गळाला बसलेल्या माणसाला भूक कमी लागते. तिघे मित्र भाकरी खायला लांब बाभळीमागे जात आणि तोंड पुसून परत येत. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मासे वाटून घ्यायचे. मासळीला हलाल करावं लागत नाही, तेव्हा कुणाच्याही गळाला लागलेला मासा आमच्या तव्यावर चालायचा. साळ्यांच्या घरी मात्र तो चालत नसे, म्हणून त्याचा वाटा आमच्याकडे शिजायचा आणि तो आमच्याकडेच जेवायचा. आमच्या गावचा शाहीर अनंत फंदी. त्याच्या नावातलं 'फंदी' हे मलिक फंदी नावाच्या फकिराच्या दोस्तीतून आलं, असं सांगतात. दोस्ताचं नाव कुणी इतकं अंगाला लावून घेतलं त्या गावात असल्या वाटण्यांचं नवल कुणाला वाटणार?

हा नाद साहेबाचा, असं आमचे मास्तर म्हणायचे. काठी घेऊन तळ्याकाठी बसायचं ते गोऱ्या साहेबाने. त्यात थोडं तथ्य आहे. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या मुलकी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर १८७३ साली पुस्तक लिहिलं आणि साहेबलोकांना महसीर माशाचं वेड लावलं. मुंबईकरांसाठी पवईच्या तलावावर गळवाल्यांची संघटना झाली, ती आजही आहे. पण मास्तरांना एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि मलाही ती बी.ए. झाल्यावर कितीतरी वर्षांनी कळली.

कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर. त्याची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. त्याने ११३० च्या आसपास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने राज्य कसं मिळवावं इथपासून ते काय खावं, कसं खेळावं इथपर्यंत सगळं त्यात आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ माहीत असतो तो ओवीसाठी. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, ही नोंद त्यात आहे. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. पस्तीसेक जातींचे समुद्रातले आणि नदीतले मासे, कुणाला खवले आणि कुणाला नाहीत, कुणाला काय चारावं, दोरी कशी, काठी कशी आणि गळाला लागलेला मासा कसा खेळवावा, हे सगळं राजाने सांगितलं आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून ते जगापुढे आणलं. गळाने मासे धरण्यावरचं इंग्रजीतलं पहिलं छापील पुस्तक १४९६ चं. म्हणजे आमचा राजा साडेतीनशे वर्षं आधी काठावर बसला होता. ओवी आणि गळ यांना एकाच ग्रंथात जागा मिळाली, याचा मला कवी म्हणून झालेला आनंद मी लपवत नाही.

तरी त्या राजाच्या यादीत आमच्या मिशीवालीचं नाव शोधणं अवघड. नावं संस्कृतात गेलेली, आणि कुठला मासा कुठला यावर पंडितांतही एकमत होत नाही. ती सापडली एका इंग्रज कर्नलकडे.

विल्यम हेन्री सायक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. मुंबई सरकारने १८२४ साली त्याला आकडेवारी गोळा करायला नेमलं. पुणे, नगर, सोलापूर, धारवाड असा तो कित्येक वर्षं दख्खन फिरला. शेती मोजली, माणसं मोजली आणि फावल्या वेळात पक्षी आणि मासे टिपले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे १८३८ मध्ये आला. शास्त्रीय नावं लॅटिनात द्यायची, ग्रीकात द्यायची किंवा एखाद्या लॉर्डाच्या नावावर द्यायची, ही रीत. सायक्सने काही माशांना तशी दिलीही. पण बऱ्याच माशांना त्याने नदीकाठच्या लोकांकडून ऐकलेलं नावच जसंच्या तसं देऊन टाकलं.

पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत त्याला दख्खनचा महसीर मिळाला. आमच्याकडे खडस म्हणतात तो. सायक्सच्या कानावर पडलं 'खुद्री', आणि आज साऱ्या जगाच्या शास्त्रग्रंथांत तो मासा 'टॉर खुद्री' आहे. कोळस हा 'कोलस' झाला. दगडाला चिकटून राहणारा छोटा मळ्या 'मुल्या' म्हणून नोंदला गेला. मुसळा, टाकरी हीही नावं तशीच गेली. हे नाव सांगणारे भोई, कोळी कोण होते, ते सायक्सने लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या तोंडचा शब्द मात्र लंडनला गेला आणि तिथून सगळीकडे. पुढे १९५२ साली आपल्या मत्स्यखात्यातले शास्त्रज्ञ चं. वि. कुळकर्णी यांनी कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या एका माशाला 'खवलचोर' हे नाव दिलं. दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणारा तो. इतकं नेमकं नाव मला एखाद्या कवितेत सुचलं असतं तर मी वर्षभर मिरवलं असतं.

आता आमच्या पाण्यात काय आहे, तेही सांगायला हवं. खडस पावसाळ्यात वरच्या अंगाला, वाहत्या पाण्याच्या गोट्यांत अंडी घालायला जातो. वाटेत भिंत आली की त्याचं ते प्रस्थान संपतं. आमच्या प्रवरेवर भंडारदरा होतं, त्याखाली निळवंडे झालं. २०२३ साली निळवंड्याच्या डाव्या कालव्यातून पाणी सुटलं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ बघितलेल्या गावांत लोक कालव्याच्या कडेला हात जोडून उभे होते. त्या पाण्याला मी नावं ठेवणार नाही. तहान ज्याची त्यालाच कळते. पण वाळूचं काय? ट्रकांनी, ट्रॅक्टरांनी पात्र खरवडून नेलं. डोह होते तिथे खड्डे झाले आणि गोटे होते तिथे चिखल. त्यात कुणी अंडी घालायची?

दुसरीकडून परके आले. आफ्रिकेतली चिलापी १९५२ साली हिंदुस्थानात आणली. कटला, रोहू, मृगळ हे गंगेकडचे मासे. १९५७ साली हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं, आणि बीज पाहिजे तेवढं मिळू लागलं. धरणाधरणांतून ते सोडलं गेलं. गरिबाच्या ताटात मासा आला हे खरंच. पण आता संगमनेरच्या बाजारात एखाद्या पोराला विचारा, तीन-चार नावांपुढे त्याची गाडी जात नाही. कोळस आज जगाच्या धोक्यातल्या माशांच्या यादीत आहे. खडस वाचवायला टाटांनी लोणावळ्याच्या वळवणला उबवणी केंद्र काढलं, कुळकर्णी आणि ओगले यांनी तिथे १९७० च्या दशकात त्याची पैदास करून दाखवली. काही ठिकाणी लोकांच्या श्रद्धेने तो राखला, देहूच्या डोहात आणि महाडजवळच्या वाळण कोंडीत. आमच्या बंधाऱ्याला असं देऊळ लाभलं नाही.

गंमत बघा, मित्राने पाठवलेलं ते टेक्सासातलं तळंही मुळात धरणच. त्या राज्यात निसर्गाने केलेलं मोठं तळं जवळजवळ नाहीच, एखादं असेल. धरणं त्यांनीही बांधली. पण तिथे गळाला परवाना लागतो. चौदा इंचांहून लहान बास ठेवायचा नाही आणि दिवसाला पाचांहून जास्त ठेवायचे नाहीत, असा सर्वसाधारण नियम आहे. आमच्या उस्तादाच्या मरळीच्या नियमाचाच तो भाऊ म्हणायचा.

त्यालाच विचारायला हवं होतं. पण तो २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. त्या महिन्यात अनेक गेले. मासेमारी त्याने आधीच सोडली होती, टेम्पो चालवायचा. शेवटी मी त्याच्या आईकडे गेलो. सत्तरी उलटली तरी ती बाजारात पाटी घेऊन बसते. पाटीत कटला आणि चिलापी.

"मावशी, मिशावाली, काटा मारणारी, कुरकुरणारी ती कोण?"

मावशीने सुरी खाली ठेवली. "शिंगटी. कवा दिसली तुला?"

"नाही दिसली. नाव विसरलो होतो."

"मग बरं. मला वाटलं गावली कुनाला."

घरी येऊन मी सायक्सची यादी उघडली. 'सींगटी', तिथे होतीच. आजही शास्त्रात ती 'मिस्टस सींगटी' आहे. मित्राला आवाजी निरोप धाडला. तिकडे रात्र असेल असं वाटलं, पण लगेच उत्तर आलं. तो स्वतःशीच म्हणत होता, "शिंगटी, शिंगटी." मागे त्याच्या मुलीचा आवाज आला, तिने इंग्रजीत विचारलं, हे काय आहे? आणि तो तिला त्या काट्याची गोष्ट सांगू लागला. फोन बंद करायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.