बाथ येथील उष्णोदकाचे स्नानगृह

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात एव्हन नदीच्या काठी वसलेल्या बाथ नगराचे नावच मुळी स्नानावरून पडले आहे. तेथील मुख्य झऱ्यातून ४६ अंश सेल्सिअस उष्णतेचे सुमारे ११ लक्ष ७० हजार लिटर पाणी प्रतिदिनी वर येते. रोमन लोक येण्यापूर्वी तेथील रहिवासी सुलिस नामक देवतेस या जलाची अधिष्ठात्री मानीत असत. रोमनांनी तिला स्थानभ्रष्ट केले नाही. आपल्या मिनर्व्हा देवीशी तिचे ऐक्य मानून 'सुलिस मिनर्व्हा' या जोडनावाने तिची पूजा चालविली. तीर्थक्षेत्रांच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकास यात नवल वाटावयाचे नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात बांधकामास आरंभ झाला. झऱ्याभोवतालची भूमी दलदलीची. म्हणून प्रथम ओक वृक्षाचे खांब ठोकून ती स्थिर करण्यात आली आणि आत शिशाने मढविलेला दगडी हौद बांधण्यात आला. या हौदात कोणी स्नान करीत नसे. ते देवीचे स्थान होते. भक्तांनी त्यात टाकलेली बारा हजारांहून अधिक नाणी उत्खननात सापडली. त्यांजबरोबर शिशाचे सुमारे १३० लेखही मिळाले. स्नानाच्या वेळी वस्त्रे चोरीस गेलेल्या माणसांनी चोरास शासन व्हावे म्हणून देवीकडे केलेली ही गाऱ्हाणी होत. मोठमोठ्या शिलालेखांपेक्षा या वेड्यावाकड्या अक्षरांतच त्या काळचा सामान्य मनुष्य अधिक स्पष्ट दिसतो.

देवीच्या हौदातून निघालेले पाणी महास्नानकुंडात येई. हे कुंड १.६ मीटर खोल असून त्याच्या तळास शिशाचे ४५ पत्रे बसविलेले आहेत. आरंभी त्यावर लाकडी छत होते. पुढे पोकळ विटांची हलकी कमान उभारण्यात आली. आज छत नाही. ऊन पडून शेवाळ वाढते व पाणी हिरवे दिसते. रोमन स्नानार्थ्यांस ते असे दिसत नसावे.

परंतु या वास्तूचे खरे मर्म तिच्या मोरीत आहे. झरा पाण्याबरोबर वाळू वर आणतो. ती साचू नये म्हणून हौदास झडप ठेवलेली होती. ती उघडली की गाळ मोठ्या मोरीवाटे नदीकडे वाहून जाई. हे काम नित्याचे व कष्टाचे. पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनवरील रोमन सत्ता संपली. निगा राखणारे राहिले नाहीत. गाळ साचला, पुराचे पाणी चढले, छत कोसळले.

बाराव्या शतकात त्याच झऱ्यावर 'राजस्नानगृह' उभे राहिले. खाली काय गाडले गेले आहे याची जाणीव मात्र उरली नव्हती. १८७८ पासून नगराचे वास्तुविशारद मेजर चार्ल्स डेव्हिस यांनी केलेल्या खोदकामात रोमन अवशेष उघडे पडले व १८९७ मध्ये ते प्रेक्षकांस खुले झाले. कुंडाभोवतीच्या स्तंभांचा वरचा भाग आणि वरील पुतळे हे एकोणिसाव्या शतकातील काम होय. ते प्राचीन समजण्याची चूक पुष्कळांकडून होते.

१९७८ मध्ये या झऱ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या तलावात पोहल्यानंतर एका मुलीचा मृत्यू झाला आणि पाण्यातील घातक सूक्ष्मजंतू उघडकीस आला. सार्वजनिक स्नान बंद झाले. पुढे २००६ मध्ये शेजारी नवे स्नानगृह सुरू झाले. त्यासाठी पाणी खोल विंधनविहिरींतून घेतात. प्राचीन कुंडात उतरण्यास आजही मनाई आहे. त्याचे पाणी मात्र त्याच रोमन मोरीतून एव्हन नदीस जाऊन मिळते.