मातीचा कोट आणि नावाची साक्ष

दुर्ग म्हटले की आपल्यापुढे कातळातले गड उभे राहतात. टिटवाळ्याच्या उत्तरेस माहुली आहे, दक्षिणेस मलंगगड. आणि कल्याणच्या खाडीवरील दुर्गाडीला तर १६५७ सालच्या शिवकालीन विजयाचे वलय आहे. परंतु मध्ययुगातील सत्ता केवळ डोंगरमाथ्यावर नांदत नव्हती. देशावरील देशमुख-पाटलांच्या मातीच्या गढ्या आजही ढासळत्या बुरुजांनिशी दिसतात. मग काळू नदीच्या सखल प्रदेशात असे मातीचे कोट नसतीलच कशावरून?

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र जपून शोधावे लागते. देशावर गढीची खूण म्हणजे ‘पांढर’. पिकाऊ जमीन ती काळी आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या राख-मातीने बनलेली वस्तीची जागा ती पांढरी. उत्तर कोकणात हा निकष लंगडा पडतो. येथील घरे विखुरलेली, भिंती पुष्कळदा कुडाच्या. शिवाय वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस; त्यात छपराविना उभी असलेली मातीची भिंत काही पावसाळ्यांतच उंचवटा होऊन बसते. आणि उंचवटे तर कितीतरी कारणांनी होतात: भातखाचरांचे बांध, वीटभट्ट्यांच्या खाणी, १८५५ साली कल्याणहून वाशिंदपर्यंत गेलेल्या रेल्वेचा भराव.

म्हणून आम्हांस शब्दांची साक्ष महत्त्वाची वाटते. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ नोंदविण्याची जागा असते. तेथे ‘कोट’, ‘बुरूज’, ‘खंदक’ असे नाव आढळले तर पाऊल थबकले पाहिजे. उत्तर कोकणाच्या इतिहासाचे साधन ठरलेली ‘महिकावतीची बखर’ राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. स्थलनामांना इतिहासाचे साधन मानण्याची दृष्टीही आपण त्यांच्याकडूनच घेतली. मात्र केवळ ध्वनिसाम्यावर विसंबून ‘टिटवाळा’ या नावातच एखादा ‘वाडा’ पाहणे, ही व्युत्पत्ती नव्हे, हौस होय. नाव, जुना नकाशा आणि जमिनीतील खापरे, या तिन्हींचा मेळ बसला तरच अनुमानाला बळ येते.

इंग्लंडमध्ये १०६६ नंतर नॉर्मनांनी उभारलेले मातीचे टेकाडकोट शोधताना अभ्यासकांनी हीच शिस्त पाळली. कॅथकार्ट किंग यांच्या १९८३च्या सूचीत निश्चित स्थळांबरोबर ‘संभाव्य’ आणि ‘त्याज्य’ स्थळेही नोंदलेली आहेत. आपल्याकडे ‘त्याज्य’ ठरविण्याचे धैर्य विरळा. प्रत्येक टेकाडाला किल्ला म्हणण्याचा उत्साह आणि प्रत्येक टेकाड सपाट करण्याची घाई, या दोहोंत इतिहासाचे नुकसान सारखेच होते.

टिटवाळा आता कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत आहे. शेतांवर इमारती उभ्या राहत आहेत. शेत गेले की त्याचे नावही वापरातून जाते, आणि नाव गेले की तपासायचे काय हेच उरत नाही. उत्खनन आपल्या हाती नाही. पण शेतांची नावे वृद्धांच्या तोंडून टिपून घेणे मराठीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला साधण्याजोगे आहे. त्या टिपणापुढे तूर्त ‘संभाव्य’ एवढेच लिहावे. तो शब्द दुबळा नाही. तो प्रामाणिक आहे.