‘मेणबत्ती’पासून ‘कँडेला’पर्यंत : सातारा-सांगली परिसरातील दिव्यांच्या जुन्या मोजमापांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा-सांगली परिसरातील बहुतांश खेड्यांची रात्र रॉकेलच्या दिव्यांवर अवलंबून होती. त्या काळातील दिव्यांची ‘शक्ती’ मेणबत्त्यांच्या संख्येत सांगितली जाई. स्थानिक इतिहासाचा अभ्यासक हे आकडे जसेच्या तसे स्वीकारतो. तथापि ‘मेणबत्ती’ हे एकच एकक नव्हते. त्यामुळे अशा आकड्यांवर आधारलेली तुलना सदोष ठरण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखात या एककांचे परस्पर रूपांतर आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

परिसराची पार्श्वभूमी :
स्वदेशीच्या प्रेरणेने ओगले बंधूंनी औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने १९१६ साली कराडनजीक काच कारखाना उभारला. ती वसाहत पुढे ओगलेवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली व तेथील ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काही काळ या कारखान्याचे विक्री प्रतिनिधी म्हणून काम केले. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. दिव्याचा प्रसार आणि शिक्षणाचा प्रसार या दोन्ही गोष्टी येथे एकाच व्यक्तीच्या कार्यात एकत्र आलेल्या दिसतात. बाजारात अमेरिकन व जर्मन बनावटीचे कंदीलही होते. तमाशाचे फड आणि लग्नाच्या वराती यांसाठी बर्लिनच्या ‘पेट्रोमॅक्स’सारख्या गॅसबत्त्या वापरल्या जात.

एककांचे स्वरूप :
१) इंग्लिश मेणबत्ती : ब्रिटनमध्ये १८६० च्या कायद्याने निश्चित झालेली, देवमाशाच्या चरबीची, ताशी १२० ग्रेन जळणारी मेणबत्ती.
२) कार्सेल : ताशी ४२ ग्रॅम सरसूवर्गीय बियांचे तेल जाळणारा फ्रेंच दिवा, सु. ९.७ कँडेला.
३) हेफ्नर : १८८४ साली जर्मनीत सुचविलेला, ॲमिल ॲसिटेटवर जळणारा व ४० मि.मी. उंच ज्योतीचा दिवा, सु. ०.९० कँडेला.
४) आंतरराष्ट्रीय मेणबत्ती : १९०९ मध्ये ब्रिटन, फ्रान्स व अमेरिका यांनी मान्य केली; सु. १.०२ कँडेला. जर्मनी मात्र हेफ्नरवरच राहिली.

१९४८ मध्ये गोठणबिंदूवरील प्लॅटिनमच्या आधारे नवे एकक स्वीकारण्यात आले व त्यास कँडेला हे नाव मिळाले. १९७९ पासून त्याची व्याख्या ठराविक वारंवारतेच्या प्रारणाच्या आधारे केली जाते. भारतात १९७६ च्या वजने व मापे कायद्यानेही कँडेला हेच मूळ एकक मानले.

रूपांतर व त्याचा अर्थ :
पेट्रोमॅक्सच्या जर्मन मापनातील ‘५००’ हा आकडा हेफ्नर मेणबत्त्यांचा होता. ५०० × ०.९०३ = सु. ४५२ कँडेला. हाच आकडा आंतरराष्ट्रीय मेणबत्त्यांचा मानल्यास ५०० × १.०१९ = सु. ५०९ कँडेला येतात. म्हणजे केवळ एकक ओळखण्यात चूक झाल्यास सु. १३ टक्के फरक पडतो. दोन बनावटींच्या दिव्यांची किंमत व प्रकाश यांची तुलना करताना हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिवाय हेफ्नरची ज्योत तांबूस असल्याने, पांढऱ्या प्रकाशाच्या गॅसबत्तीशी तिची तुलना करताना रूपांतराचा गुणक किंचित बदलतो. म्हणून उत्तर दशांशापर्यंत देणे योग्य नव्हे.

विजेच्या दिव्यांबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. १६ मेणबत्त्यांचा जुना कार्बन-तंतू दिवा सु. ५० ते ६० वॅट वीज घेई. वॅट हे वीजवापराचे माप आहे, प्रकाशाचे नव्हे. त्यामुळे त्यावरून मेणबत्त्यांचा अंदाज बांधता येत नाही.

शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र वेगळाच मुद्दा पुढे येतो. सर्वसाधारण वादळी कंदिलाचा प्रकाश ४ ते १२ मेणबत्त्यांच्या दरम्यान असे. १० कँडेलाचा कंदील अर्ध्या मीटरवर ४० लक्स, तर एक मीटरवर केवळ १० लक्स प्रकाश देतो. आज वर्गखोलीत सु. ३०० लक्स अपेक्षित धरले जातात. एककाची चूक १३ टक्क्यांची असली, तरी कंदिलापासून दुप्पट अंतरावर बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला चौथा हिस्साच प्रकाश येई. एका कंदिलाभोवती किती मुले बसत, हा प्रश्न म्हणूनच कंदिलावरील आकड्याइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा आहे.

निष्कर्ष :
१) जुन्या नोंदीतील ‘मेणबत्ती’चा अर्थ दिव्याचा देश व काळ पाहून ठरवावा.
२) रूपांतरित मूल्य ‘सुमारे’ या स्वरूपातच द्यावे.
३) प्रकाशतीव्रतेसोबत अंतर व वापरणाऱ्यांची संख्या विचारात घ्यावी. त्याशिवाय ग्रामीण भागातील रात्रीच्या अभ्यासाचे वास्तव आकड्यांतून उलगडत नाही.