चव्वेचाळीसात तीन

लास वेगासमधला बिनियन्स हॉर्सशू कसिनो, मे २०००. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ५१२ जण उतरले होते, आता दोघंच उरलेत. एकीकडे टी. जे. क्लूटियर. साठीचा, धिप्पाड गडी. तरुणपणी कॅनडात व्यावसायिक फुटबॉल खेळला, मग टेक्सासच्या तेलविहिरींवर राबला आणि तिथेच पत्त्यांच्या नादाला लागला. एखाद्या माणसाबरोबर एकदा खेळला की तो माणूस कसा खेळतो हे क्लूटियर वर्षानुवर्षं विसरत नाही, अशी त्याची ख्याती. दुसरीकडे क्रिस फर्ग्युसन. लांबलचक केस, दाढी, डोक्यावर काउबॉय हॅट, डोळ्यांवर गॉगल. खिशात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेची कॉम्प्युटर सायन्समधली पीएचडी. वडील त्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक.

दोघंच उरले तेव्हा फर्ग्युसनकडे साधारण दसपट चिप्स होत्या. क्लूटियरने तो फरक जवळजवळ मिटवत आणला. मग तो शेवटचा डाव आला.

ज्यांनी फक्त तीन पत्ती खेळलीय त्यांच्यासाठी थोडक्यात: टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, पाच पानं टेबलावर सगळ्यांसाठी उघडली जातात, आणि या सातांतून ज्याची पाच पानं भारी तो जिंकतो. फर्ग्युसनकडे एक्का-नव्वी, क्लूटियरकडे एक्का-राणी. टेबलावर अजून एकही पान उघडलेलं नाही आणि क्लूटियर सगळ्या चिप्स पुढे ढकलतो. फर्ग्युसन बराच वेळ विचार करतो आणि कॉल करतो.

पानं उघडी झाली तेव्हा फर्ग्युसनच्या जिंकण्याची शक्यता चारात एक, इतकीच होती. टेबलावर दुर्री, राजा आणि चारचं पान पडलं. मग आणखी एक राजा. आता कॅटमध्ये न दिसलेली पानं चव्वेचाळीस. त्यातली तीन नव्व्या फर्ग्युसनला जिंकवतील, सहा पानांवर डाव बरोबरीत सुटेल, उरलेल्या पस्तिसांवर क्लूटियर पुढे राहील. सात टक्क्यांहूनही कमी आशा. शेवटचं पान उलटलं, बदामाची नव्वी. फर्ग्युसनला पंधरा लाख डॉलर आणि जगज्जेतेपद. क्लूटियर दुसरा, १९८५ मध्येही तो दुसराच आला होता.

हा डाव मी पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पाहिला, हॉस्टेलवर, रात्री दोन वाजता. आपल्या जातकुळीतला माणूस, कोड लिहिणारा, जिंकला! गणिताने अंदाजपंचे खेळणाऱ्याला हरवलं, असं मी पुढचे कित्येक दिवस सगळ्यांना सांगत सुटलो होतो. आता तेच आठवून हसू येतं. कारण त्या डावात गणिताच्या बाजूने होता क्लूटियर. नव्वीला पीएचडीशी देणंघेणं नव्हतं.

मग फर्ग्युसनच्या गणिताचं काय? तेही होतंच, पण पान उलटायच्या आधी. समजा पॉटमध्ये तीनशे आहेत आणि तुम्हाला शंभर टाकावे लागतायत. चारातून एकदा जिंकलात तरी तुमचं नुकसान नाही. त्याहून जास्त वेळा जिंकणार असाल तर टाका. भागाकार पाचवीतला पोरगाही करेल. अडचण अशी की ‘चारातून एकदा’ हा आकडा कुठून आणायचा? समोरच्याची पानं तर झाकलेली. तेव्हा आधी ठरवावं लागतं की हा माणूस, या घडीला, कोणकोणत्या पानांवर सगळं पणाला लावेल. एक्का-राणीवर? लहान जोडीवर? नुसत्या थापेवर? ही यादी पाठ्यपुस्तकात नसते. ती त्या माणसाकडे बघून करायची असते. आणि क्लूटियर ज्याला आतून येणारी जाणीव म्हणेल, ती तरी काय होती? हजारो रात्रींची नोंदवही, फक्त कागदावर न उतरवलेली.

ही ओढाताण शक्यतेच्या गणिताइतकीच जुनी आहे. जेरोलामो कार्दानो हा सोळाव्या शतकातला इटालियन वैद्य आणि गणिती, शिवाय अट्टल जुगारी. जुगारावरच्या त्याच्या पुस्तकात फाशांच्या छत्तीस शक्यता नीट मांडल्या आहेत, आणि पोकरचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या प्रिमेरोचीही चर्चा आहे. हा बाबा १५७६ मध्ये वारला, पुस्तक छापलं गेलं १६६३ मध्ये. मला त्यात सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हिशेब आणि प्रत्यक्ष डाव जुळले नाहीत की तो सरळ नशिबाचं नाव घेतो. आत्मचरित्रात तर व्हेनिसचा एक किस्साच आहे. समोरच्याचे पत्ते खुणा केलेले निघाले, तेव्हा कार्दानोने खंजीर काढून त्याच्या तोंडावर वार केला आणि पळ काढला. छत्तीस शक्यतांमध्ये ही सदतिसावी धरलेली नव्हती.

खरी गंमत केली जॉन फॉन नॉयमनने. १९२८ मध्ये त्याने खेळांच्या गणितावर निबंध लिहिला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबरच्या जाडजूड ग्रंथात पोकरला स्वतंत्र जागा दिली. तोवर थाप मारणं म्हणजे निव्वळ छातीचा मामला समजला जाई. फॉन नॉयमनने दाखवलं की थाप हिशेबातूनच निघते. फक्त भारी पानांवरच बोली वाढवणारा माणूस उघडं पुस्तक होतो, त्याला कुणी पैसे देत नाही. म्हणून अगदी फालतू पानांवरही ठरावीक प्रमाणात बोली वाढवायलाच हवी. मधल्या पानांवर नाही, फालतूच पानांवर. मधली पानं गप्प बसूनही कधी जिंकतात, फालतू पानांना थापेशिवाय वाटच नसते. जगज्जेता झाल्यावर फर्ग्युसनने वडिलांबरोबर एक शोधनिबंध लिहिला, तो एमिल बोरेल आणि फॉन नॉयमन यांच्या याच पोकरवर. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रामने चार व्यावसायिकांना वीस दिवसांत एक लाख वीस हजार डाव खेळून धुतलं. त्याने कुणाचाही चेहरा पाहिला नव्हता.

एक लाख वीस हजार. हा आकडा मी तेव्हा नुसता वाचून पुढे गेलो.

२०२३ च्या पावसाळ्यात मी फोनवर पैसे लावून पोकर खेळायला लागलो. (आता २०२५ च्या कायद्याने असल्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आहे, तेव्हा नव्हती.) मी एक स्प्रेडशीट केलं होतं. कुठल्या पानांवर किती टक्के, पॉट किती, टाकायचे किती. पहिल्या आठवड्यात सहा हजार जिंकलो आणि सिस्टिम चालतेय, असं स्वतःला सांगितलं. पाच आठवड्यांनी अडतीस हजार गेलेले होते. ते गावच्या घराच्या गळक्या स्लॅबसाठी बाजूला काढलेले.

शीट मी नंतर पुन्हा पुन्हा तपासलं. भागाकार सगळे बरोबर होते. चूक त्या यादीत होती. पडद्यावरचं एक टोपणनाव आणि एक हिरवं वर्तुळ एवढ्यावरून मी ठरवत होतो की हा थाप मारतोय. आणि हरत गेलो तसतसा सगळेच थापा मारताना दिसायला लागले. बरं, माझे डाव जेमतेम दोन हजार. तेवढ्यात सिस्टिम चालते की नाही, हे कळतच नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला मला ब्याऐंशी होते.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा हॉलच्या कोपऱ्यात बादली ठेवलेलीच होती. बोनस लांबलाय, असं मी बाबांना सांगितलं. आवाज सहज ठेवला, नजर चुकवली नाही, तारीखही सांगितली, मार्चपर्यंत येईल म्हणून. आमचे बाबा गणपतीच्या जागरणाला चाळीस वर्षं पत्ते खेळत आलेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे पाहिलं.

“बरं,” म्हणाले. “जेवून घे.”

स्लॅबचं काम पुढच्या मे महिन्यात झालं. बोनसचं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.