विजेशिवाय दोन दिवस अन्न थंड कसं ठेवायचं?

धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीला लोक रामलिंग मंदिर आणि घाटातल्या अभयारण्यासाठी येतात. काही जण जवळच्या शेतातल्या खोपटात मुक्काम करतात. तिथे फ्रिज नसतो आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. मग सोबत नेलेलं दूध, दही, पनीर टिकवायचं कसं?

माठात ठेवलं तर चालेल?

माठातून पाझरलेलं पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेतं, म्हणून आतलं पाणी गार होतं. ओलं फडकं गुंडाळलेल्या पातेल्याचंही तसंच. पण याला मर्यादा आहे. हवा ४० अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर तापमान फार तर २२-२३ अंशांपर्यंत उतरतं. श्रावणातल्या दमट हवेत तेवढाही फरक पडत नाही. नाशवंत पदार्थांना मात्र ५ अंशांखालची थंडी लागते. थोडक्यात, माठ काकडी, टोमॅटो, पालेभाजीसाठी ठीक. दूध, पनीर, मटणासाठी नाही.

मग बर्फ किती कामाचा?

एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. त्यामुळे बर्फाची पेटी हाच खरा पर्याय.

- आदल्या रात्री पाण्याच्या बाटल्या गोठवा. मोठा बर्फ हळू वितळतो आणि नंतर ते पाणी पिताही येतं.
- पदार्थ आधीच फ्रिजमध्ये गार करून मगच पेटीत भरा.
- दूध, दही, पनीर बर्फाला चिकटून ठेवा. कच्चं मटण वेगळ्या बंद डब्यात, सगळ्यात खाली.
- पेटी सावलीत ठेवा, सारखी उघडू नका.
- बाजारातला बर्फ घेताना रंग पाहा. २०१८ पासूनच्या नियमानुसार अखाद्य बर्फात निळा रंग घालावा लागतो. तो सरबतात टाकू नका.

फेकायचं कधी?

बर्फ संपून पदार्थ कोमट झाला, तर दोन तासांची मर्यादा पाळा. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. वासावर विसंबू नका. आजारी पाडणाऱ्या जंतूंमुळे वास बदलतोच असं नाही. आडरानात रात्री जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर दवाखाना गाठेपर्यंत अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं.

सगळ्यात सोपा उपाय?

थंडी लागणारं अन्न पहिल्याच जेवणात संपवा. पुढच्या जेवणांना ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि गूळ. त्यांना फ्रिज लागत नाही.