रुमाल, लिपी आणि नारिंगी शंकू

आजचा धागा गडकोटांचा नाही आणि सनदांचाही नाही. आपण सारे रोज वापरतो, पण ज्याचा इतिहास सहसा कोणी विचारत नाही, अशा एका साधनाचा आहे : संगणकावरील मीडिया प्लेअरचा. निमित्त मात्र अस्सल इतिहासाचेच घडले.

गेल्या महिन्यात एका कपाटाची आवराआवर करताना काही डीव्हीडी हाती लागल्या. १९८२च्या मुंबईतील गिरणी संपाच्या काळात ज्यांनी घरे चालवली, त्या स्त्रियांच्या मुलाखती. प्रतिलेखन कोणी केलेले नाही, टिपणेही नाहीत. बोलणाऱ्यांपैकी काही जणी आता हयात नाहीत. म्हणजे जे काही आहे ते त्या तबकडीवरच. नव्या संगणकात ती घातली. फायली दिसल्या, त्यांचा आकार दिसला. चित्र काही उमटेना. कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या जुन्या संगणकात घातली, तर एक आजी पदर सावरून बोलू लागल्या. नवा संगणक निरक्षर आणि जुना साक्षर, हे कोडे काय?

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल ज्यांनी सोडले आहेत त्यांना हे चटकन कळेल. रुमालात कागद बांधलेले असतात. पण रुमाल सुटला म्हणजे कागद वाचता आला असे नव्हे. त्यासाठी मोडी यावी लागते. व्हिडिओची फाईल अशीच असते. एव्हीआय, एमकेव्ही ही जी नावे फायलीच्या शेपटीला दिसतात, ते बहुधा रुमाल. आत चित्र आणि ध्वनी ज्या पद्धतीने आकुंचित करून लिहिलेले असतात, ती लिपी. तिला कोडेक म्हणतात. एकाच एव्हीआय रुमालात दहा वेगवेगळ्या लिप्यांतले कागद असू शकतात. म्हणूनच ‘कालची एव्हीआय चालली, आजची का नाही?’ हा प्रश्न एके काळी घरोघरी विचारला जाई.

आता खरा ऐतिहासिक प्रश्न : ही लिपी शिकण्याची जबाबदारी कोणाची? प्लेअरची, की खालच्या ऑपरेटिंग सिस्टीमची?

मायक्रोसॉफ्टने उत्तर दिले : सिस्टीमची. विंडोजमध्ये डायरेक्टशो नावाची व्यवस्था होती. कोडेक सिस्टीममध्ये नोंदवायचे आणि प्लेअरने गरजेनुसार त्यांना हाक मारायची. कल्पना सुबक होती. पण त्यामुळे प्लेअरची विद्या सिस्टीमच्या आवृत्तीला बांधली गेली. विंडोज ९८ एसई वापरणाऱ्याची मजल विंडोज मीडिया प्लेअरच्या नवव्या आवृत्तीपर्यंत. दहावी आवृत्ती (२००४) एक्सपीसाठी, अकरावी (२००६) एक्सपी व व्हिस्टासाठी, आणि विंडोज ७ सोबत २००९ मध्ये आलेली बारावी एक्सपी किंवा व्हिस्टासाठी कधी निघालीच नाही. डीव्हीडीची कथा तर आणखी विचित्र. एक्सपीमध्ये डीव्हीडी पाहण्यासाठी लागणारा एमपेग-२ डीकोडर मुळात नव्हता. तो बाहेरून आणावा लागे. विंडोज ७ च्या बहुतेक घरगुती व व्यावसायिक आवृत्त्यांत तो आला आणि २०१२ च्या विंडोज ८ मध्ये पुन्हा वगळला गेला. कारण सरळ होते : प्रत्येक प्रतीमागे एकस्वधारकांना शुल्क द्यावे लागे, आणि तबकडीचा खप उतरणीला लागला होता. हिशेबाच्या वहीत हे बरोबर बसते. अभिलेखागाराच्या दृष्टीने पाहिले तर मात्र ही एका लिपीची हकालपट्टी होती.

या बांधिलकीवर युरोपात मोठा खटलाही झाला. २४ मार्च २००४ रोजी युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावला आणि मीडिया प्लेअर नसलेली विंडोज विकण्याचा आदेश दिला. त्यातून ‘एक्सपी एन’ निघाली. किंमत मात्र मूळ आवृत्तीइतकीच! त्याच पैशात कमी वस्तू कोण घेणार? ती जवळजवळ कोणी घेतली नाही. आयोगाने ग्राहकाला निवडीचा हक्क दिला, पण माझ्या मते त्याने प्रश्नच चुकीच्या जागी विचारला. प्लेअर सिस्टीमसोबत येतो की नाही, यापेक्षा प्लेअरची विद्या सिस्टीमवर अवलंबून आहे की नाही, हा मुद्दा अधिक खोल होता.

त्याचे उत्तर तोवर पॅरिसजवळच्या एका वसतिगृहात तयार झाले होते.

एकोल सांत्राल पारी या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांना १९९०च्या दशकाच्या मध्यावर वेगवान नेटवर्क हवे होते. आपापसांत संगणकावरचे खेळ खेळता यावेत, हे त्यामागचे खरे कारण. ते त्यांनी लपवलेलेही नाही. पण खेळासाठी पैसे कोण देणार? तेव्हा युक्ती निघाली : खोलीखोलीत उपग्रह वाहिन्यांची छत्री लावण्याऐवजी एकच मोठी छत्री लावू आणि चित्र नेटवर्कवरून सगळ्यांच्या संगणकांवर पाठवू. १९९६ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प म्हणजे व्हिडिओलॅन. त्यातील पाठवणारा भाग सर्व्हर, पाहणारा भाग क्लायंट. व्हीएलसी म्हणजे ‘व्हिडिओलॅन क्लायंट’. १९९८ मध्ये तो नव्याने लिहिला गेला आणि १ फेब्रुवारी २००१ रोजी, संस्थेच्या प्रमुखांची संमती मिळाल्यावर, जीपीएल परवान्याखाली जगाला खुला झाला. आणि तो नारिंगी शंकू? विद्यार्थ्यांच्या नेटवर्क मंडळाने जमवलेल्या रस्त्यावरच्या शंकूंची ती आठवण. (कसे जमवले, हे विचारू नये.)

या जन्मकथेला महत्त्व आहे. या मुलांना कोणतीही सिस्टीम विकायची नव्हती. वसतिगृहात ज्याच्या त्याच्या टेबलावर वेगळे यंत्र. त्या सर्वांवर चित्र दिसले पाहिजे, एवढीच अट. म्हणून व्हीएलसीने लिप्या स्वतःच्या पोटात ठेवल्या. एफएफएमपेग प्रकल्पाची डीकोडर-संहिता त्यात अंतर्भूत असते. सिस्टीमला काय वाचता येते, हे तो सहसा विचारतच नाही. हे शक्य झाले त्याला कायद्याचाही हातभार लागला. सॉफ्टवेअरवरील एकस्व फ्रेंच कायद्याला मान्य नाही, अशी व्हिडिओलॅनची उघड भूमिका आहे. जो भार विंडोजच्या प्रत्येक प्रतीवर पडत होता, तो इथे पडला नाही.

म्हणजे सगळे सुरळीत झाले असे नाही. जानेवारी २०११ मध्ये अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवरून व्हीएलसी काढले गेले. तेही एका व्हीएलसी-लेखकाच्याच हरकतीवरून, कारण स्टोअरच्या अटी आणि जीपीएल एकत्र नांदेनात. मग संहितेच्या जुन्या-नव्या लेखकांना एकेक करून गाठून परवाना बदलण्याची संमती घेतली गेली आणि २०१३च्या जुलैत ते परत आले. आपल्या देशातही २०२२च्या फेब्रुवारीपासून व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ उघडेनासे झाले. ऑक्टोबरमध्ये संस्थेने सरकारी खात्यांना कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्या काळातही ज्यांच्या संगणकावर व्हीएलसी आधीच होते, त्यांचे ते चालतच राहिले.

मात्र या स्वातंत्र्यालाही काठ आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या ३.० मालिकेसोबतच जाहीर झाले की एक्सपी आणि व्हिस्टावर चालणारी ही शेवटची मालिका. मायक्रोसॉफ्टने स्वतः एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला होता, हे लक्षात घेतले तर ही उदारताच म्हणायची. तरीही जुनी यंत्रे जपणाऱ्या अभिलेखागारांनी त्या मालिकेची एक प्रत आताच बाजूला काढून ठेवावी.

आमच्या मुलाखती अखेर त्याच नव्या संगणकावर शंकूवाल्या प्लेअरने दाखवल्या. त्यांच्या तीन प्रती केल्या आहेत. प्रत्येक प्रतीच्या फोल्डरमध्ये व्हीएलसीचा इन्स्टॉलर ठेवला आहे आणि शेजारी त्याची मूळ संहिताही. पदर सावरणाऱ्या त्या आजींचे प्रतिलेखन या आठवड्यात सुरू केले. पहिल्या चाळीस मिनिटांत त्या संपाविषयी एक शब्द बोलत नाहीत, फक्त रेशनच्या रांगेविषयी बोलतात.